कार्डावर चौकोन हवा, पण अक्षरेही हवीत



परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. या दिवसाच्या सुमारास तेथे खरीप हंगामाचा शेतकरी मेळावा भरतो. बियाण्यांची, अवजारांची, ठिबक संचांची दालने लागतात आणि दालनादालनांतून व्हिजिटिंग कार्डे हाती पडतात. अशा एका मेळाव्यातून मी आणलेल्या एका कार्डावर एका बाजूला व्यवसायाचे नाव होते आणि दुसऱ्या बाजूला फक्त एक काळापांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड. माणसाचे नाव नाही, गाव नाही, फोनचा क्रमांक नाही. पुढे पेरणीयंत्राचा एक सुटा भाग हवा झाला, म्हणून त्या चौकोनासमोर फोन धरला. उत्तर आले : ‘हे पान उपलब्ध नाही.’ कार्ड शाबूत, छपाई सुबक, फोनही चांगला. हरवला होता तो माणूस!

मग कार्डावर असा चौकोन छापणे चूक आहे काय? मुळीच नाही. चूक कोठे झाली हे समजण्यासाठी त्या चौकोनात काय असते ते आधी पाहू.

जपानमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हा कोड तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून. काळ्यापांढऱ्या सोंगट्यांनी खेळल्या जाणाऱ्या ‘गो’ या खेळाच्या पटावरून हारांना ही मांडणी सुचली. कोडच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतात. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढली, तरी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या रुंदीचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. इतर छापील मजकुरात हे प्रमाण क्वचितच आढळते. म्हणून कार्ड वाकडे धरले तरी यंत्राला कोड नेमका सापडतो. उरलेल्या बारीक घरांत मजकूर साठवलेला असतो. काळे घर म्हणजे १ आणि पांढरे म्हणजे ०, असे स्थूलमानाने समजा.

मजकुराबरोबर थोडी जादा माहितीही गणिती रीतीने भरलेली असते. तिच्या आधारे पुसलेला भाग पुन्हा जुळवता येतो. या दुरुस्तीच्या चार पायऱ्या आहेत : सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के. घामाने भिजलेल्या सदऱ्याच्या खिशातले कार्डसुद्धा वाचले जाते ते यामुळेच.

आता मुख्य मुद्दा. चौकोनात दोन प्रकारे माहिती ठेवता येते. एक, माहितीच तेथे लिहायची : नाव, व्यवसाय, गाव, फोन. दोन, माहिती दुसरीकडे कोठे आहे तो इंटरनेटवरील पत्ता तेवढा लिहायचा. पहिला प्रकार म्हणजे हातात दिलेले पत्र. दुसरा म्हणजे ‘पत्र अमक्याच्या घरी ठेवले आहे’ असा निरोप. तो अमका घर सोडून गेला, तर निरोपाचा काय उपयोग? फुकट कोड बनवून देणाऱ्या काही सेवा आपल्याच पत्त्यावरून माणसाला पुढे पाठवतात. मुदत संपली की मधली वाट बंद होते, पण छापलेली कार्डे लोकांच्या खिशात तशीच राहतात.

निरोपाचा प्रकार नेहमीच वाईट असतो असे मात्र नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठाची ध्वनिफीत किंवा चित्रफीत चौकोनात मावणारच नाही, तेथे पत्ताच द्यावा लागतो. शिवाय कोड न उघडला तरी पाठ छापील पानावर असतोच. कार्डाचे तसे नाही. चार ओळींची माहिती चौकोनात सहज मावते. मग ती दुसऱ्याच्या दारी कशाला ठेवायची?

कोणी म्हणेल, फोनचा क्रमांक बदलला तर? निरोपाच्या प्रकारात छापील कार्ड न बदलता माहिती बदलता येते, ही सोय खरीच. पण त्यासाठी ते पान कोणीतरी वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. सेलूच्या पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराने किंवा गंगाखेडच्या रोपवाटिकेच्या मालकाने हा व्याप का करावा? शंभर कार्डे नव्याने छापणे त्यांना अधिक सोपे.

दुसरा आक्षेप मराठीचा. संगणकाच्या रूढ पद्धतीत रोमन लिपीतील एका अक्षराला एक बाइट जागा लागते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. ‘परभणी’ या शब्दात प, र, भ, ण आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट झाले. हेच नाव रोमन अक्षरांत ८ बाइटांत बसते. म्हणून मराठी सोडायची काय? हिशेब करून पाहा. ५७ × ५७ घरांच्या कोडमध्ये, १५ टक्के दुरुस्तीची सोय ठेवूनही, २१३ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची ७१ चिन्हे. भोवती चार-चार घरांची कोरी जागा सोडावी लागते, म्हणून एकूण ६५ घरे. घर ०.४ मिलिमीटरचे धरले, तर बाजू २६ मिलिमीटर होते. साधे कार्ड सुमारे ९० × ५० मिलिमीटरचे असते. नेमके लिहिले तर जागा पुरते. पाल्हाळ लावले तर घरे वाढतात आणि बारीक होतात. काटकसर शब्दांत करावी, भाषेत नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : चौकोन डोळ्यांना वाचता येत नाही. अक्षरांत काय लिहिले आहे हे आपण स्वतः पाहतो; चौकोनात काय आहे हे यंत्र सांगेल तेव्हा कळते. दुकानातील पैसे घेण्याच्या कोडवर दुसराच कोड चिकटवून फसवणूक होते, ती याच आंधळेपणामुळे. म्हणून कार्डावर नाव, गाव आणि फोन ठळक अक्षरांत हवेतच. ज्या आजोबांकडे साधा फोन आहे, त्यांनाही ते कार्ड उपयोगी पडले पाहिजे.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करून घ्यावा. शाळेचे नाव व गाव मराठीत लिहून कोड तयार करा, कागदावर छापा आणि कागदाच्या कपट्यांनी थोडा थोडा झाकत जा. कोड कोठवर वाचला जातो याची नोंद ठेवा. नंतर तीन मोठ्या चौकोनांपैकी एक झाका आणि काय होते ते पाहा. मुलांनी स्वतःचा घरचा पत्ता किंवा फोन मात्र त्यात घालू नये. तसेच घरी आलेली कार्डे तपासा : फोनवर प्रथम माहिती दिसते की नुसता इंटरनेटचा पत्ता? पत्ता अनोळखी असेल, तर तो उघडू नका.

कार्ड देणे म्हणजे ‘गरज पडली तर मी येथे आहे’ असा शब्द देणे. तो शब्द कार्डावरच लिहिलेला असावा, यंत्रासाठी चौकोनात आणि माणसासाठी अक्षरांत.