दुचाकीचा विमा सहाव्या वर्षी संपतो. अपघात झाला तर वसुली सातबाऱ्यापर्यंत

सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हा नियम आला. शोरूमवाला कागद हातात देतो, कागद डिकीत जातो आणि विषय संपतो. खरी गडबड सहाव्या वर्षी होते. तोवर गाडी जुनी झालेली असते, कधी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेली असते. विमा कधी संपला हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची तर थर्ड पार्टी विमा हवाच. नसेल तर पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्यामुळे पोलीस दिसले की गाडी गल्लीत वळवायची, एवढाच उपाय अनेकांना ठाऊक.

पण दंड ही त्यातली छोटी रक्कम. गाडीची धडक बसून कोणी दगावला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय आणि कमाई पाहून भरपाई ठरवते. कमावता माणूस गेला तर हा आकडा सहज लाखांत जातो. विमा असेल तर कंपनी भरते. नसेल तर मालकाने भरायचे. नाही भरले तर कलम १७४ नुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवू शकते. मग ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतकऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे.

गाडी बाँड पेपरवर विकून मोकळे झालेल्यांनीही सावध राहावे. आरसी बुकावर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. गाडी दुसरा चालवत असला तरी नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. घेणाऱ्यानेही १४ दिवसांत विमा नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करायचा असतो.

विमा असूनही अडचण येते. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर कंपनी भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. गाडी पोराच्या हाती देताना हे ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी भरून मिळत नाही.

खर्च किती? २०२२ च्या सरकारी दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे दिवसाला दोन-अडीच रुपये. विम्याची मुदत एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की दिसते. तारीख उलटून गेली असेल तर नवा विमा निघेपर्यंत गाडी घराबाहेर काढू नये.