दोन फेरे हाताने

मंडळी, या वेळी कॉम्प्युटर बाजूला ठेवून बॉनेट उघडतो.

मागच्या महिन्यात बाबांनी जेवताना जाहीर केलं, “पुढच्या सोमवारी ओंकारेश्वर. मी आणि तुझी आई. गाडी मीच चालवणार.” गाडी म्हणजे आमची जुनी आल्टो. इंदूरहून ओंकारेश्वर साधारण ८० किलोमीटर आणि वाटेत भेरूघाट. मी सहज विचारलं, “बाबा, हिचा टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?” बाबांनी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. गाडी सेकंडहँड घेतलेली, मीटर ९१ हजारांवर आणि कागदपत्रांत बेल्टची नोंद कुठेच नाही.

हा बेल्ट म्हणजे आतून दाते असलेला रबरी पट्टा. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, त्याच्याबरोबर पिस्टन वरखाली होतात. वर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक व्हायला हवा. हा ताळमेळ तो पट्टा राखतो. तो तुटला की गाडी चालता चालता बंद पडते. बऱ्याच इंजिनांत तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि खर्च बेल्टच्या कितीतरी पट होतो. तुटण्याआधी तो बहुतेक वेळा आवाजही करत नाही. म्हणून किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल त्यावर तो बदलायचा. आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत असतो.

मी ठरवलं, घरीच करू. बी.ई. आहे, कॉम्प्युटरचा असलो म्हणून काय झालं! चार व्हिडिओ पाहिले, नवा बेल्ट आणि टेन्शनर आणला आणि शनिवारी सकाळी अंगणात कामाला लागलो. बाबांना खुर्ची दिली, हातात टॉर्च दिला. “तुम्ही फक्त उजेड धरा.” लहानपणी मला मिळायचं तेच काम.

इंजिन गार होतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. पुढची बाजू उचलून खाली पक्के स्टँड दिले. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही हात घालू नये. मग अल्टरनेटरचा बेल्ट, पुली आणि कव्हर काढलं. क्रँक फिरवून वरच्या आणि खालच्या चक्रावरच्या खुणा त्यांच्या ठरलेल्या जागी आणल्या. जुना बेल्ट काढून उलटा वाकवला, तर दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा. बाबा काही बोलले नाहीत, पण टॉर्च थोडा जवळ आला.

नवा बेल्ट चढवला, टेन्शनर कसला, खुणांवर नजर टाकली. ठीक वाटलं. मी कव्हरकडे हात नेला. कधी एकदा चावी फिरवतो असं झालं होतं.

“थांब,” बाबा म्हणाले. “आधी पान्याने दोन फेरे फिरव.”

“अहो बाबा, खुणा जुळल्यात.”

“उभ्या मशीनवर सगळंच जुळतं. फिरवून बघ.”

बाबा तरुणपणी कापडमिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा मला कळतही नव्हतं. त्यानंतर त्यांनी दुकानात हिशेब लिहिले आणि मी त्यांना हिशेब लिहिणारा माणूस म्हणूनच ओळखत आलो.

स्पार्क प्लग काढले म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. पाना लावून, इंजिन एरवी फिरतं त्याच दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे दिले. खालची खूण जागेवर आली. वरची एक दाता मागे.

माझा चेहरा उतरला. घाईत बेल्टचा ढिलेपणा मी चुकीच्या बाजूला ठेवला होता. टेन्शनर नसलेली बाजू आधी ताठ हवी आणि सगळी ढिलाई टेन्शनरकडे यायला हवी. एका दात्याने गाडी कदाचित सुरूही झाली असती, पण घाटात ओढली नसती. आणि ती चालवणार होते बाबा, शेजारी आई.

मी उठलो, टॉर्च माझ्या हातात घेतला आणि पाना त्यांच्यापुढे धरला. बाबांनी चष्मा पुसला. टेन्शनर सैल केला, बेल्ट वरच्या चक्रावरून उतरवून एक दाता पुढे घेतला, अंगठ्याने ताण पाहिला. पुन्हा दोन फेरे. खुणा समोरासमोर. तरी त्यांनी आणखी दोन दिले. मग पुस्तिकेत दिल्याइतके बोल्ट मी टॉर्क रेंचने कसले.

ऑफिसात मी चूक झाली तर कोड मागे घेतो. इथे चावी फिरवली की मागे घ्यायला काही नाही. म्हणून जे करायचं ते चावीच्या आधी. हाताने फिरवताना कुठे अडलं, तर जोर लावायचा नाही. थांबून खुणा पाहायच्या.

सोमवारी दुपारी आईचा फोन आला, “पोचलो. घाटात गाडी छान चालली. आणि हे सगळ्या रस्त्याने मला बेल्टच समजावत होते.”

बॉनेटच्या आत आता एक चिठ्ठी चिकटवली आहे. तारीख, ९१ हजार किलोमीटर आणि दोघांची नावं. बाबांचं आधी.

तुमच्या घरच्या गाडीला टायमिंग बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला, हे या रविवारी पाहून घ्या. स्वतः उघडायची सवय नसेल तर गाडी चांगल्या मेकॅनिककडे न्या, त्यात कमीपणा नाही. आणि घरात असा कुणी जुना फिटर असेल, तर त्याच्या हातात नुसता टॉर्च देऊ नका.