ठिगळ नव्हे, रफू!



चैत्रातली यात्रा तोंडावर आली की जोतिबाच्या डोंगरावर घरोघरी एकच धांदल उडते. पाहुण्यांची रीघ, सासनकाठ्या, दवणा आणि गुलाल! त्याआधी घर झाडून, रंगवून घ्यायचं. आमचं सासर डोंगरावरचंच. काही वर्षांपूर्वी अशाच गडबडीत आजेसासऱ्यांच्या तैलचित्रात शिडीचं टोक घुसलं आणि बोटभर लांबीची काटकोनी चीर पडली. त्यांचा फोटो घरात नाही. त्यांचा चेहरा म्हणून आहे ते एवढंच.

कुणाला दिसायच्या आत निस्तरावं म्हणून मी काय केलं ठाऊक आहे? खाली पडलेले रंगाचे कपचे केरात भरले, लोंबणारे दोरे कात्रीनं कापले आणि पाठीमागून जाड कापडाचा तुकडा पांढऱ्या गमानं चिकटवला. समोरून छान दिसलं. पण पावसाळा सरला तेव्हा आजोबांच्या गालावर चौकोनी फुगवटा उमटला होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, शालू फाटला तर त्याला गमानं ठिगळ लावतीस का? रफूवाल्याकडंच देतीस न्हवं?"

त्यांचं बोलणं अगदी शास्त्राला धरून निघालं. तैलचित्र म्हणजे नुसतं रंगवलेलं कापड नव्हे. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्यावर सरस, मग पांढरं अस्तर, वर रंग आणि शेवटी व्हार्निश असे थर असतात. दमट हवेत आणि कोरड्या हवेत सरस नि कापड आपला ताण बदलतात. आमच्या डोंगरावर तर पावसाळाभर धुकं घरात शिरतं! सारं कापड असं हलत असताना ठिगळाखालचा भाग मात्र जखडून राहतो, म्हणून त्याच्या कडा समोर उमटतात. शिवाय हा गम पुढे निघता निघत नाही.

जाणकार माणसं भिंगाखाली सुटलेला धागा धाग्याशी जुळवतात. त्यासाठी गव्हाची खळ आणि माशाचा सरस यांचं मिश्रण वापरतात. (हे वाचून घरी खळ शिजवायला घेऊ नका बरं!) मग उडालेल्या जागी खडू-सरसाचं लुकण भरतात आणि तेवढ्याच जागेवर, पुढे काढता येईल असा रंग लावतात. मूळ रंगावर नवा रंग चढवत नाहीत. आमचं चित्र मुंबईच्या एका जाणकार बाईंनी नीट केलं. त्यांचा निम्मा वेळ माझा गम काढण्यात गेला. कापलेल्या दोऱ्यांच्या जागी नवे दोरे घालावे लागले. आजोबांच्या मिशीचं एक टोक मी केरात टाकलं होतं. आता दिसतं ते त्या बाईंच्या हातचं!

कोल्हापूर तर चित्रकारांचं गाव. शाहू महाराजांच्या पदरी आबालाल रहिमान होते, नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर इथलेच. तेव्हा या भागातल्या जुन्या घरात तैलचित्र निघालं तर नवल नाही. पाठीमागून पाहा. कापडाची वीण दिसली तर ते बहुधा तैलचित्र. कागद दिसला तर रवि वर्मा प्रेससारखं छापील चित्र असू शकेल. पण चिकटपट्टी त्यालाही नको!

चीर पडलीच, तर एवढं करा:

१. दोघींनी मिळून चित्र हळूच उतरवा आणि स्वच्छ टेबलावर किंवा पलंगावर उताणं ठेवा. चौकटीच्या पोकळीत, कापडाखाली, पुठ्ठ्याचे थर आणि वर मऊ धडपा असा टेकू द्या, म्हणजे चीर खाली लोंबणार नाही.

२. पडलेले कपचे कुंकवाच्या रिकाम्या डबीत कागदात ठेवा. कुठून पडले तेही लिहा.

३. दोरे कापू नका, ओढू नका. गम, चिकटपट्टी, इस्त्री काही नको.

४. गुलाल बसला असेल तर ओलं फडकं मुळीच फिरवू नका. रंग कापडात उतरतो. रंग सुटत नसेल तरच, चिरेपासून दूर, मऊ कोरड्या ब्रशनं झटका. बटाटा, कांदा, पाव हे उपाय विसरा.

५. जवळच्या वस्तुसंग्रहालयात किंवा कलाशाळेत जाणकारांची चौकशी करा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रांच्या संवर्धनाचं केंद्र आहे. आधी पुढून-मागून फोटो पाठवून विचारावं. आणि काम करणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: "हे पुढे काढता येईल ना?"

चीर पडूच नये म्हणून चौकटीच्या मागे पुठ्ठा बसवून घ्या. ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा समई-उदबत्तीच्या वर चित्र लावू नका. खालच्या दोन्ही कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावले की मागून हवा खेळते. आणि रंगकाम काढलं, की शिडी घरात येण्याआधी चित्र उतरवा. हे मात्र मी स्वतःलाच बजावते आहे!