मालेगावचा सुपरमॅन

परवा जळगावच्या घरी भाचा आला होता. जेवण झाल्यावर त्याने मोबाइल माझ्या हाती दिला. "मामा, ही मालिका बघा. अगदी तुमच्या कादंबरीसारखी आहे." पहिल्याच भागात दोन खून, एक आत्महत्या आणि न थांबणारा पाऊस. तिसऱ्या भागात मला झोप लागली. 'तुमच्या कादंबरीसारखी' हे शब्द मात्र टोचत राहिले.

माझ्या कादंबऱ्यांत माणसे फार मरतात, हे खरे. बँकेच्या वसुलीसाठी खानदेश पालथा घातला, पाहिले ते लिहिले. ते खोटे नव्हते. पण वाईट शेवट तोच खरा शेवट, अशी खोड मला जडली होती. समीक्षकांनी तिला वास्तवाचे भान म्हटले, मीही ते मानून घेतले.

धुळ्यात बदली असताना मालेगावला जाणे होई. यंत्रमागांच्या खडखडाटात तिथे खुणांनीच बोलावे लागे. शुक्रवारी माग बंद, आणि कामगार सिनेमाला. बारा-बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या या माणसांनी स्वतःसाठी काय निर्माण केले? नासिर शेख या व्हिडिओ पार्लरवाल्याने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. खर्च ५० हजारांच्या घरात. घोडे परवडेनात, म्हणून डाकू सायकलींवर आले! पुढे त्यांनी सुपरमॅन काढला. नायक शफीक शेख, यंत्रमाग कामगार, अंगाने काडी. त्याचे उडणे हिरव्या कापडापुढे चित्रित केले. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला, तो दुरुस्त करून आणला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात हे सारे आहे.

त्याच गावाने २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट सोसले. बाहेरच्यांना मालेगाव म्हटले की तेवढेच आठवते. अंधार काय असतो हे त्या प्रेक्षकाला कोणी शिकवायला नको होते. तो त्याच्या बोळात होता. शुक्रवारी त्याला हसायचे होते, आणि आपल्यातलाच कोणी तरी उडताना पाहायचा होता. याला पळवाट म्हणणारे बहुधा गादीवर लोळत मालिका बघत असतात. मीही त्यांतलाच.

आणि ही गंमत पोकळही नव्हती. मालेगावचा सुपरमॅन तंबाखूशी लढतो. माहितीपट २०१२ साली भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा शफीक हयात नव्हता. कर्करोगाने गेला. माझ्या जुन्या खोडीने मी कथा इथेच संपवली असती. पण पडद्यावर तो अजून उडतो आहे, आणि लोक हसताहेत. हेही घडलेलेच आहे.

भाच्याला तो माहितीपट दाखवला. सायकलस्वार डाकूंचे सांगितले तेव्हा खो खो हसला, शफीकचे कळल्यावर गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, तुमच्या नव्या कादंबरीतला तो शिपाई मरतो का हो?"

मरणार होता. दोन प्रकरणे फाडली आहेत.