सेलू कोणते, ते आधी लिहा

महाराष्ट्रात सेलू नावाची तालुक्याची गावे दोन. एक आपले परभणी जिल्ह्यातले, दुसरे वर्धा जिल्ह्यातले. मराठीत दोन्हींचे लेखन एकच. रोमन लिपीत तर गोंधळाला पारच नाही. जनगणनेच्या यादीत आपले गाव ‘एसएआयएलयू’, रेल्वेकडे ‘एसईएलयू’, आणि वर्ध्याच्या सेलूच्या शेवटी दोन ‘ओ’. मोबाइलवर घाईने टाइप करणारा ‘लू’ ऱ्हस्व करतो, ते वेगळेच. अशा वेळी ‘सेलू दवाखाना’ किंवा ‘सेलू कापूस भाव’ एवढेच शोधले, तर विचारणाऱ्याच्या मनातले सेलू कोणते, हे यंत्राने कशावरून ओळखायचे? फोनचे ठिकाण चालू असेल तर ते अंदाज बांधते. पण विचारणारा पुण्यात किंवा दुबईत बसलेला असेल, तर तो आधारही जातो.

या अडचणीवर सध्या एक धंदा उभा आहे. ‘तुमची वेबसाइट गुगलवर पहिल्या नंबरला आणतो, वर्षाचे इतके द्या’ असे फोन तालुक्याच्या गावातल्या दुकानदारांना, क्लासवाल्यांना, शाळांना येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे खुद्द गुगलने आपल्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवले आहे. पानाच्या पोटात न दिसणारे ‘कीवर्ड’ कोंबायचे, हा अशा पॅकेजमधला जुना माल. तो क्रम लावताना आपण विचारातच घेत नाही, हे गुगलने 2009 साली जाहीर केले. नकाशावर दुकानाची नोंद करायलाही पैसे लागत नाहीत. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे असे, की सेलूकरांनी पैसे खर्चायचेच असतील तर ते आपली माहिती नीट मराठीत लिहून घेण्यावर खर्चावेत.

कारण खरी उणीव तिथे आहे. गावोगावच्या संस्थांचे अहवाल, स्मरणिका, सभेच्या नोटिसा अजून जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. त्यांची पीडीएफ डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण यंत्राला दिसत नाही. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये ‘सेलू’ टाइप केले, तर संगणकाच्या लेखी तिथे एल, एस, वाय, डब्ल्यू ही चार रोमन अक्षरे असतात. त्या पीडीएफमधली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, लगेच कळेल. पन्नास पानी स्मरणिकेत गावाचे नाव शंभरदा आले असले, तरी शोधणाऱ्यासाठी ते एकदाही आलेले नसते. तीच गत बाजारभावाच्या आणि पाणीपुरवठ्याच्या सूचनांची. त्या फोटो म्हणून मोबाइलवरच्या गटागटांत फिरतात. दुसऱ्या दिवशी त्या कुठे गेल्या, ते कोणाला सापडत नाही. चित्रातली अक्षरे ओळखणारी यंत्रे आली आहेत, पण रंगीत पट्ट्यांवरच्या सावलीदार अक्षरांपुढे त्यांचाही भरवसा नाही.

म्हणून सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठी म्हणूनच वाचता येतील अशा अक्षरांत लिहावे. पानाच्या शीर्षकात नुसते ‘सेलू’ न लिहिता ‘सेलू, जिल्हा परभणी’ असे लिहावे. पत्त्यात 431503 हा पिनकोड असावा. रोमन लिपीतली प्रचलित दोन्ही रूपे पानावर एकदा तरी यावीत. याला कोणत्याही एजन्सीची गरज नाही. शाळेतला संगणक शिकवणारा शिक्षक एका दुपारी हे करू शकतो.

बाहेरच्या वाचकाचा विचार सेलूला परका वाटू नये. काचीगुड्याहून मनमाड-नगरसोलकडे जाणाऱ्या गाड्या आपल्या स्टेशनवरून जातात आणि त्यांत शिर्डीला निघालेले तेलुगू भाविक असतात. कीर्तनकार दासगणू महाराजांनी सेलूच्या गोपाळराव देशमुखांना साईबाबांचे गुरू म्हटले आहे. त्यामुळे जगभर पसरलेल्या साईभक्तांपैकी कोणी ‘वेंकुशा’ हे त्या गुरूंचे नाव शोधू लागला, की त्याची वाट सेलूच्या केशवराज बाबासाहेब महाराजांच्या मंदिराकडे येते. या माणसाला आपण काय वाचायला देतो? त्याच्यासाठी मराठी, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी अशी चार वेगळी पाने हवीत, आणि प्रत्येक पानाने उरलेल्या तिन्हींचा पत्ता यंत्राला सांगायला हवा. त्यासाठीची ‘एचरेफलँग’ नावाची खूण 2011 पासून उपलब्ध आहे. मराठीसाठी तिच्यात ‘एमआर’ एवढी दोनच अक्षरे लिहायची असतात. मात्र भाषांतर यंत्राकडून काढून तसेच चिकटवू नये. दर्शनाची वेळ, स्टेशनपासूनचे अंतर, उतरण्याची सोय या गोष्टी त्या भाषेच्या जाणत्या माणसाने लिहाव्यात, किमान तपासाव्यात.

इथे एक मोह टाळायला हवा. गुरूविषयीच्या या माहितीवर अभ्यासकांचे एकमत नाही. जास्त लोक यावेत म्हणून ती निर्विवाद असल्यासारखी मांडू नये. शेजारच्या पाथरीचा साईबाबांचे जन्मस्थान म्हणून उल्लेख झाला, तेव्हा 19 जानेवारी 2020 रोजी शिर्डी बंद राहिली होती, एवढा हा विषय नाजूक आहे. दासगणूंनी काय म्हटले आणि आक्षेप कोणते, हे दोन्ही पानावर शेजारी शेजारी द्यावे. दूरच्या वाचकाला तेच खरे उपयोगी, आणि असे पान अभ्यासकही आपल्या लेखनात जोडतात. कोणी कोणाला जोडले आहे, हे पाहूनच तर 1998 साली गुगलची पहिली क्रमवारी उभी राहिली.

नगर परिषद, बाजार समिती, शाळा आणि देवस्थाने यांनी येत्या वर्षात आपापले जुने कागद युनिकोडमध्ये आणण्याचे काम वाटून घ्यावे. सुरुवात स्मरणिकांपासून करावी, कारण त्यांचे कागद सगळ्यांत आधी जीर्ण होत आहेत.