नावास मोल की कामास?

मार्चमधील परीक्षा आटोपल्या म्हणजे शाळेत भेटावयास येणाऱ्या पालकांकडून अलीकडे एक नवा प्रश्न वारंवार ऐकू येतो. अभ्यासाची विचारपूस झाल्यावर, निघता निघता, किंचित संकोचाने ते म्हणतात, “सर, मुलीसाठी संगणक घ्यावा म्हणतो. नवा काही झेपत नाही. जुन्यातले दोन दुकानदाराने दाखविले. एकावर पेंटियम लिहिले आहे, दुसऱ्यावर कोअर आय-थ्री. आय-थ्रीला पैसे जास्त पडतात. तोच चांगला असणार ना?” या शेवटच्या ‘असणार ना’मध्ये प्रश्न थोडा आणि विश्वास अधिक असतो. महाग ते चांगले ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजलेली आहे, की तिची परीक्षा घ्यावी असे सहसा कोणास सुचत नाही. ती परीक्षा या लेखात घ्यावी असे आम्ही योजिले आहे.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण तो क्षुल्लक नाही. खडोली आणि सिलवासा यांच्या आसपास कारखाने पुष्कळ. त्यांत पाळीवर काम करणारी, तसेच शेतीवर आणि मोलमजुरीवर चरितार्थ चालविणारी कुटुंबे आपली मुले शाळेत पाठवितात. अशा घरात संगणक येतो तो पैशाला पैसा जोडून. मुलांना अर्ज भरावयाचे असतात, निबंध टंकावयाचे असतात, हिशेबाचे तक्ते आणि प्रोग्रॅम शिकावयाचे असतात. हे सारे मोबाइलच्या वीतभर पडद्यावर नीटसे साधत नाही. आणि एकदा चुकलेली खरेदी पुढच्या वर्षी सुधारून घेण्याची सोय या घरांना नसते. म्हणून दोन यंत्रांतील भेद नीट समजून घेणे हे आम्ही शिक्षणाचेच अंग मानतो.

आता उमेदवारांची ओळख करून घेऊ. इंटेल कंपनीचे पेंटियम जी ४५६० आणि कोअर आय-थ्री ७१०० हे दोन्ही प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आले. दोघेही एकाच, म्हणजे सातव्या पिढीचे. एकाच आराखड्यावर घडलेले, एकाच प्रकारच्या मदरबोर्डवर बसणारे सख्खे भाऊ. कंपनीने ठरविलेली किंमत मात्र एकाची ६४ डॉलर आणि दुसऱ्याची ११७ डॉलर. त्या वेळच्या विनिमय दराने, कर आणि दुकानदाराचा नफा वगळून, सुमारे ४,३०० आणि ७,९०० रुपये. म्हणजे धाकट्याहून थोरल्याची किंमत जवळजवळ पावणेदोनपट, किंबहुना त्याहूनही थोडी अधिक.

ही किंमत कशासाठी? प्रोसेसर म्हणजे संगणकाची आकडेमोड करणारा भाग. त्याचे काम समजण्यास स्वयंपाकघरासारखी दुसरी उपमा नाही. प्रोसेसरमध्ये ‘कोअर’ असतात. ते म्हणजे स्वयंपाक करणारी माणसे. या दोन्ही प्रोसेसरांत कोअर दोनच. पण घरातली जाणती बाई भाताला आधण येईपर्यंत रिकामी बसत नाही, तेवढ्यात चार भाकऱ्या थापून घेते. त्याचप्रमाणे एका कोअरने दोन कामांचे धागे आलटून पालटून सांभाळावे अशीही योजना करता येते. या धाग्यांस ‘थ्रेड’ म्हणतात. तेही दोघांत चारच. हातातल्या हातात लागणारा मसाला मिसळणाच्या डब्यात ठेवतात, तशी लगेच लागणारी माहिती ठेवण्याची छोटी जागा प्रोसेसरच्या आत असते. तीही दोघांत सारखीच, ३ मेगाबाइट.

आता भेद पाहू. जी ४५६० चा वेग ३.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३५० कोटी ठोके. आय-थ्री ७१०० चा ३.९ गिगाहर्ट्झ, म्हणजे ३९० कोटी. ३९० ला ३५० ने भागून पाहा: फरक सुमारे ११ टक्क्यांचा. जे काम थोरला भाऊ एका मिनिटात करील, त्याच कामास धाकट्यास जास्तीत जास्त सुमारे ६७ सेकंद लागतील. मिनिटामागे सात सेकंद वाचावे म्हणून ८३ टक्के अधिक मोल! बाजारात भाजी घेणारी कोणतीही गृहिणी हा सौदा ऐकून हसेल.

येथे एक इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘पेंटियम’ हे नाव १९९३ साली प्रथम आले तेव्हा ते इंटेलच्या अग्रभागी असलेल्या प्रोसेसरचे होते. पुढे ‘कोअर’ हे नाव आले, मान त्यास मिळाला, आणि पेंटियम खालच्या पंक्तीस बसला. २०१५ च्या पेंटियम जी ४४०० मध्ये कोअर दोन आणि थ्रेडही दोनच होते. चार थ्रेडांची सोय आय-थ्रीसाठी राखून ठेवलेली होती. २०१७ च्या जी ४५६० मध्ये ती सोय धाकट्यासही मिळाली. गुण बदलला, नावावरची पाटी बदलली नाही. लोक मात्र पाटीच वाचत राहिले.

न्यायाच्या गोष्टीत दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आय-थ्री ७१०० मधील चित्रे रंगविणारा भाग अधिक समर्थ आहे. शिवाय एकाच आज्ञेत अनेक आकड्यांवर एकदम क्रिया करण्याच्या ‘एव्हीएक्स’ नावाच्या आज्ञा त्यात आहेत, त्या पेंटियममध्ये नाहीत. चलच्चित्रांचे संपादन करणाऱ्यास किंवा शास्त्रीय आकडेमोड करणाऱ्यास त्यांचा खरा उपयोग होतो, आणि काही नवे प्रोग्रॅम त्यांच्यावाचून चालतच नाहीत. ज्याचे काम तसे आहे, त्याने थोरल्या भावास अवश्य घ्यावे. आमचा आक्षेप आय-थ्रीवर नाही. काम न पाहता नाव पाहण्यावर आहे. निबंध, तक्ते, पाठाची चलच्चित्रे आणि प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे यांसाठी त्या आज्ञांची वाट पाहत कोणी अडून बसत नाही.

या बाबतीत आम्ही स्वतःही शहाणे नव्हतो, हे कबूल करणे बरे. २०१७ सालीच आम्ही घरासाठी संगणक घेतला. आय-थ्री हे नाव हवे असा हट्ट धरला, आणि खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी ४ गिगाबाइट स्मृती आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क यांवर समाधान मानले. आमच्या एका सहकाऱ्याने पेंटियम घेतला आणि वाचलेल्या पैशांत ८ गिगाबाइट स्मृती आणि एक लहानशी एसएसडी बसवून घेतली. आम्ही यंत्र सुरू करून चहा घेऊन येत असू. तेवढ्यात सहकाऱ्याची प्रश्नपत्रिका अर्धी टंकून झालेली असे. पुष्कळ दिवस आम्हांस वाटे, आपल्या यंत्रात काही बिघाड आहे. बिघाड यंत्रात नव्हता, आमच्या निवडीत होता.

त्याचे कारण गणिताने सांगता येते. फिरत्या तबकडीवरून हवी ती माहिती शोधून काढण्यास सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. माणसाच्या दृष्टीने तो निमिषमात्र; पण तेवढ्या अवधीत ३.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेतीन कोटी ठोके घेतो आणि ३.९ गिगाहर्ट्झचा जवळजवळ चार कोटी. माहितीच हाती आलेली नसेल, तर हे ठोके वाया जातात. अधिक पैसे देऊन आम्ही काय मिळविले होते, तर अधिक वेगाने वाट पाहणारा प्रोसेसर! एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो आणि तीच माहिती मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात हाती येते. कोठीची किल्ली सापडत नसेल, तर स्वयंपाकीण कितीही चपळ असून उपयोग काय?

आणखी एक गोष्ट त्याच वर्षी घडली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीचा आय-थ्री ८१०० आला. त्यात कोअर दोनाऐवजी चार, आणि किंमत तीच, ११७ डॉलर. अवघ्या नऊ महिन्यांत त्याच पैशांत दुप्पट कोअर मिळू लागले! धाकट्या भावास घेणाऱ्याचे त्यात फारसे बिघडले नाही. त्याने मुळातच थोडे दिले होते. हळहळ वाटली ती अर्धी पायरी चढण्यासाठी जवळजवळ दुप्पट पैसे मोजणाऱ्यांस. संगणकाच्या बाजारात काळ हा मोठा दरोडेखोर आहे; आणि जो नावासाठी अधिक मोजतो, त्याचाच खिसा तो आधी कापतो.

हाच हिशेब एका घराऐवजी शाळेपुरता मांडून पाहू. कंपनीच्या मूळ किमतीने दहा आय-थ्री ७१०० चे मोल १,१७० डॉलर होते. तेवढ्यात जी ४५६० अठरा येतात आणि वर १८ डॉलर उरतात. संगणकाचे बाकीचे भाग निराळे, हे खरे. तरी वाचलेली रक्कम त्या भागांच्याच कामी येते. एका यंत्राभोवती चार मुलांनी दाटी करण्याऐवजी दोघांनीच बसणे, हा लाभ मिनिटामागे सात सेकंदांपेक्षा पुष्कळ मोठा आहे. चार मुलांतील एकच टंकतो आणि तिघे पाहतात, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

साधी साधने युक्तीने वापरून मोठे काम साधते, याचे उदाहरण मराठी मुलखातच आहे. परदेशाकडून महासंगणक मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील तंत्रज्ञांनी एकच प्रचंड प्रोसेसर मिळविण्याचा नाद धरला नाही. बाजारात मिळणारे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे लहान प्रोसेसर त्यांनी एकमेकांस जोडले, कामाची वाटणी केली, आणि १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. घरातल्या पेंटियमची त्याच्याशी बरोबरी करावयाची नाही. पण आहे त्या साधनाचे पुरते काम करून घेण्याची वृत्ती मात्र तीच आहे.

आता आजच्या पालकाच्या प्रश्नाकडे परत येऊ. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ साठी मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत हे दोघेही भाऊ नाहीत. महागाने तेथे स्वस्तावर काही मात केलेली नाही. जी यंत्रे कचेऱ्या काढून टाकतात, त्यांत या पिढीची यंत्रे असतात ती याच कारणाने. परंतु देखभाल थांबली म्हणजे यंत्र मेले असे नव्हे. लिनक्सवर आधारलेल्या मोफत प्रणाली त्यावर सुखाने चालतात; सी-डॅकनेच तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत काम करू देते. घरात वारली किंवा कोकणा, बाजारात गुजराती, शाळेत मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

तेव्हा आमचा सल्ला असा आहे. दोन्ही यंत्रे इतर बाबतींत सारखी असून जुन्या बाजारात किमतीत दोन-तीनशे रुपयांचाच फरक असेल, तर आय-थ्री ७१०० घेण्यास हरकत नाही. फरक त्याहून मोठा असेल, तर पेंटियम जी ४५६० घ्यावा आणि उरलेल्या पैशांत ८ गिगाबाइट स्मृती व एसएसडी बसवून घ्यावी. अधिक खर्च करण्याची ऐपत असेलच, तर तो सातव्या पिढीतील नावासाठी न करता आठव्या पिढीच्या चार कोअरच्या यंत्रासाठी करावा. मात्र जुन्या मदरबोर्डवर नुसता नवा प्रोसेसर बसविता येईल या भ्रमात राहू नये. तो त्या बोर्डांवर चालत नाही.

विद्यार्थिमित्र हो, ही निवड उद्या तुम्हांलाच करावयाची आहे, आणि ती केवळ संगणकाची राहणार नाही. दुकानात गेल्यावर वडिलांच्या मागे उभे राहून पाटी वाचू नका. पुढे होऊन तीन प्रश्न विचारा: याचे आत काय आहे? आमचे काम कोणते आहे? आणि अधिकच्या प्रत्येक रुपयाबद्दल नेमके काय अधिक मिळणार? दुकानदार पहिल्यांदा तुमच्याकडे आश्चर्याने पाहील. तुमचे वडीलही पाहतील. पण कष्टाच्या पैशाचा हिशेब मागणाऱ्या मुलाचे शिक्षण वाया गेले नाही, हे त्यांना त्याच क्षणी कळेल. आणि आम्हां शिक्षकांस याहून मोठी गुरुदक्षिणा नको.