क्रॅगसाइड शिकवताना

वास्तूवर निबंध म्हटलं की मुलं 'भव्य, सुंदर' लिहून मोकळी होतात. आपणच तसं शिकवतो ना! इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडचं क्रॅगसाइड घ्या. १८६९ पासून वास्तुविशारद नॉर्मन शॉ यांनी डोंगरउतारावरचं छोटं घर वाढवत मोठा वाडा केला. उंच धुराडी, लाकडी चौकटींच्या भिंती छानच. पण मला त्यातलं पाणी आधी शिकवावंसं वाटतं. पाण्याच्या जोरावर लिफ्ट चाले, स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई फिरे, १८७८ मध्ये विजेचा दिवाही लागला. लिफ्टमुळे नोकरांना वरच्या मजल्यावर कोळसा नेणं सोपं झालं. आणि मालक आर्मस्ट्राँग? तोफांचे कारखानदार. वाडा आज संरक्षित आहे, नॅशनल ट्रस्ट सांभाळतं. पैसा कुठून आला, हा प्रश्न मुलांनी विचारला तर टाळू नका; तोही त्या भिंतींतच आहे.